शिपायाच्या रोजनिशीतली पुडी

२००३ सालच्या मार्च महिन्यात, एका शनिवारी दुपारी, लंडनच्या हॅरो भागातल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर बसलेल्या निवृत्त डॉक्टरांनी एक कागदाची पुडी उघडली. पुडी त्यांना अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या एका शिपायाच्या रोजनिशीत सापडली होती. आत तपकिरी रंगाचे, वाळलेले, मसुराएवढे काही तुकडे होते. डॉक्टरांनी पुडी नाकाशी नेऊन वास घेतला. मग टेबलापलीकडे बसलेल्या आपल्या मुलीपुढे ती धरली आणि कसला वास येतो ते विचारले. मुलीनेही वास घेतला. ती सहा महिन्यांची गरोदर होती.

पुडीखालच्या ओळी डॉक्टरांनी त्यानंतर वाचल्या.

मी त्या घरात वरच्या मजल्यावर मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. लंडनमधल्या एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर कामाला होते. इथे लिहिलेले बरेचसे मी पाहिलेले आहे. काही डॉक्टरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, सांगितलेले आहे. ज्याची खात्री करता आली नाही ते घेतलेले नाही.

खोली पाहायला गेले तेव्हा डॉक्टरांनी पगार विचारला नाही, पुण्यात घर कुठे हे विचारले नाही, खोलीत मासे तळणार का हेही विचारले नाही. चष्मा लावून ते समोर उभे राहिले आणि म्हणाले, "डावी बाही वर करा."

"अहो, आधी तिला बसू तरी द्या," काकू आतून म्हणाल्या. "घाबरली बिचारी."

"बसून दंड बदलणार आहे का?"

मी बाही वर केली. देवीच्या लशीच्या दोन खुणा होत्या. डॉक्टरांनी त्यांवरून अंगठा फिरवला. "दोन आहेत. एक उथळ आहे. टोचणारा जेवणाच्या वेळेला आला असणार. पण चालेल." खोली मला मिळाली.

ही तपासणी सर्वांचीच होत असे. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या पोलिश माणसाची झाली. शेजारच्या गुजराती बेनच्या सासूची झाली. स्थानिक इतिहास मंडळाच्या चिटणीस बाई चहाला आल्या, तेव्हा त्यांनाही डॉक्टरांनी विचारले. बाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी शांतपणे कार्डिगन काढून दंड दाखवला. दंड कोरा होता. फ्रॉकमधून व्रण दिसू नये म्हणून त्या काळी काही इंग्रज मुलींना मांडीवर टोचत, हे डॉक्टरांना ठाऊक होते. त्यांनी पुढे काही विचारले नाही. "तेवढी अक्कल शिल्लक आहे अजून," काकू नंतर म्हणाल्या.

डॉक्टरांच्या स्वतःच्या घरात एकाच माणसाच्या अंगावर खूण नव्हती. मुलगी लीड्सला जन्मली, तोवर ब्रिटनने लहान मुलांना देवी टोचणे थांबवले होते. डॉक्टर त्या वेळी लीड्सच्या एका रुग्णालयात नोकरीला होते. त्यांनी वरिष्ठांकडे लस मागितली होती. वरिष्ठ हसले होते. हे ते तीस वर्षांनीही सांगत, आणि सांगताना त्या हसण्याची नक्कल करत.

त्यांच्या पाकिटात मुलीचा फोटो नव्हता. एक चित्राचे कार्ड होते: देवी आलेले मूल, चेहरा, हात आणि तळवे फोडांनी भरलेले. तरुणपणी ते चंद्रपूर जिल्ह्यात देवी निर्मूलनाच्या कामावर होते, तेव्हा हे कार्ड गावोगाव दाखवून 'असा आजारी कुणी आहे का' असे विचारत. रोग जगातून गेला. कार्ड राहिले. मेट्रोपॉलिटन लाइनच्या लोकल गाडीत शेजारी लहान मूल घेऊन कुणी बसले, तर ते कार्ड बाहेर काढत. काकू अशा वेळी त्यांच्या मनगटावर हात ठेवून म्हणत, "आत. आधी ते आत ठेवा."

रोगाचे नाव ते फारसे घेत नसत. 'ती' म्हणत. संध्याकाळी मी कामावरून आले की पहिला प्रश्न असे, "आज तिच्याबद्दल काय आलं?" इराकवर हल्ला होणार हे त्या महिन्यात जवळपास ठरले होते. देवीचा विषाणू कुणाच्या तरी हाती लागला असेल का, यावर आमच्या डेस्कवर रोज काहीतरी येत होते. बहुतेक मजकूर 'शक्यता' या शब्दावर उभा असे. मी तसे सांगितले की डॉक्टर म्हणत, "तुमचा शब्द चांगला आहे. कुणालाही लागत नाही."

अमेरिकन शिपायांचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. एका व्याख्यानात त्यांनी ऐकले की त्या युद्धात कॅनडाकडून माघारी येणारे अमेरिकन सैन्य इंग्रजांच्या माऱ्यापेक्षा देवीने जास्त खचले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पत्रे धाडली. शिपायांच्या हस्तलिखित रोजनिश्या आणि तुकड्यांच्या आदेशवह्या यांच्या छायाप्रती टपालाने येऊ लागल्या. डॉक्टर त्या भिंगाखाली वाचून स्वच्छ अक्षरात उतरून परत पाठवत. यात पैशाचा संबंध नव्हता.

त्या वह्यांत फार काही घडत नाही. हवा, चाल, पाव आणि डुकराचे मांस, कुणाला किती फटके, कोण आजारी, कोण पळाला. डॉक्टर हे सकाळी चहाबरोबर मराठीत वाचून दाखवत. "आज पाऊस. पीठ आलं, पण ओलं आलं. एकाने बूट चोरले, त्याला सगळ्यांसमोर मारलं." काकू पोळ्या लाटताना विचारत, "आणि बूट?" डॉक्टर पान उलटून पाहत. "बुटांचं पुढे लिहिलेलं नाही."

आदेशवहीत त्या दिवसाचा परवलीचा शब्द सर्वांत वर असतो. डॉक्टरांनी तो घराला लावला होता. दुपारी दार वाजले की ते आतून विचारत, "परवलीचा शब्द?" काकू एकदा खरेदी करून आल्या आणि त्यांनी 'अल्बनी' असे सांगितले.

"तो कालचा होता."

"हातात दोन बॅगा आहेत. दार उघडा, नाहीतर मी लीड्सला पोरीकडे जाते."

"शत्रू असंच म्हणतो," डॉक्टर आतून म्हणाले, आणि दार उघडले.

छायाप्रतींबद्दल त्यांची एक तक्रार होती: त्यांना वास नाही. ते सगळ्याचाच वास घेत. वरणाचा, टपालाचा, ग्रंथालयाच्या पुस्तकांचा, नव्या पुलओव्हरचा. दवाखान्यात असताना रुग्ण खुर्चीत बसायच्या आत त्यांचे निदान झालेले असे, असे काकू सांगत. 'आधी वास, मग अक्षर,' हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. अक्षर खोटे बोलते, वास बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे.

चिटणीस बाईंच्या दिवंगत पतीच्या पूर्वजांत त्या युद्धात लढलेला एक इंग्रज अधिकारी होता. त्याने युद्धकैद्यांकडून काढून घेतलेले काही सामान घरातल्या पेटीत पिढ्यानपिढ्या पडून होते. त्यात एका शिपायाची रोजनिशी निघाली. बाईंनी ती डॉक्टरांना वाचायला दिली. डॉक्टरांच्या हाती आलेले ते पहिले अस्सल हस्तलिखित. ते घरी आणले त्या दिवशी त्यांनी अंघोळ करून स्वच्छ शर्ट घातला. पान उघडायचे, वाकून वास घ्यायचा, मग भिंग. हे चरबीच्या मेणबत्तीपाशी लिहिलेले, हे धुरात, हे ओल्या तंबूत, असे ते सांगत. आम्हाला सगळीकडे कुबट वासच येत असे.

शिपायाचे नाव ते घेत नसत. 'आपला शिपाई' म्हणत. आपल्या शिपायाला आज जुलाब आहेत. आपला शिपाई आज भावाची वाट पाहतोय. त्या शिपायाची भीतीही त्यांनी उतरून घेतली होती. तोफेबद्दल तो एका ओळीत लिही. छावणीत कुणाला ताप आला की अर्धे पान. "बघा," डॉक्टर म्हणत, "इंग्रजांना भीत नव्हता तो. हिला भीत होता."

एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. चंद्रपूरकडच्या एका गावात टोचायला गेले असताना एका बाईने आपले मूल धान्याच्या कणगीत लपवले होते. मूल आतून खोकले. डॉक्टरांनी कणगीत हात घालून त्याला बाहेर काढले. बाई पायांवर डोके आपटत होती, देवीचा कोप होईल म्हणत होती. दोन माणसांनी तिला धरले. डॉक्टरांनी मुलाला टोचले.

"तुम्ही तिला समजावलं नाही?" मी विचारले.

"वेळ नव्हता. मी कुणालाच विचारत नव्हतो. टोचत होतो."

"मूल वाचलं?"

"त्याला काही झालेलंच नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच टोचलं."

त्या शनिवारी माझी सकाळची पाळी होती. दुपारी परतले तेव्हा दारात परवलीचा शब्द कुणी विचारला नाही. किल्लीने दार उघडून आत पाऊल टाकले, तोच जेवणाच्या खोलीच्या बंद काचेच्या दारामागून डॉक्टर ओरडले, "तिथेच थांबा!"

मी थांबले. काचेतून ते टेबलाजवळ उभे दिसत होते. टेबलावर काचेची बरणी उपडी घातलेली होती. तिच्याखाली पुडी होती.

"तुमच्या खुणा दोन आहेत ना?" त्यांनी विचारले. मग स्वतःशीच मान हलवली. "दोन आहेत. मी पाहिल्यात. स्वयंपाकघरात जा. मी येतो."

मुलगी वर अंघोळीला गेली होती. डॉक्टरांनीच पाठवले होते. केसही धुवायला सांगितले होते. ती हसत गेली होती. स्वयंपाकघरात त्यांनी काकूंना आणि मला एका दमात सांगितले. पुडीखाली शिपायाने लिहिले होते की हे भावासाठी आहे. भाऊ छावणीत येतो आहे. टोचून घ्यायला वरून बंदी आहे, सापडला त्याला शिक्षा आहे. तरी हे कोरडे ठेवायचे. तुकडे म्हणजे देवीच्या फोडांच्या खपल्या होत्या. रोग सौम्य यावा म्हणून त्या काळी तेच टोचत.

काकूंनी गॅस बंद केला. "ती अजून असते का यात? इतक्या वर्षांनी?"

"नसावी."

"नसावी की नाही?"

"खपली कोरडी राहिली तर ती फार दिवस टिकते. फार म्हणजे किती, ते कुणी पाहिलेलं नाही." त्यांनी हात पुन्हा धुवायला घेतले. कोपरापर्यंत. "तो भाऊ आलाच नसेल. आला असता तर पुडी राहिली नसती."

"पोरीला सांगा," काकू म्हणाल्या.

"सांगतो."

त्या दिवशी त्यांनी सांगितले नाही. जेवताना ते टेबलावर आले नाहीत, दारातच उभे राहिले. मुलीने विचारले, "बाबा, तू असा वॉचमनसारखा का उभा आहेस?" डॉक्टर म्हणाले, पाठ आखडली आहे.

रविवारी सकाळी मुलगी लीड्सच्या गाडीसाठी निघाली. कोट घातलेला, बॅग खांद्याला. डॉक्टर दारात आडवे आले.

"तू गाडीत बसू शकत नाहीस."

"का? काय झाला?"

त्यांनी सांगितले. या वेळी इंग्रजीत सांगितले, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात तसे, खालच्या आवाजात आणि न थांबता. मुलीने बॅग खाली ठेवली. तिचा हात पोटावर गेला.

"हाउ शुअर आर यू?"

"नाही. खात्री नाही."

"काल सांगितला नाहीस. मी काल मम्मीच्या बाजूला झोपले. यू लेट मी स्लीप."

 डॉक्टर फोनकडे गेले.

सार्वजनिक आरोग्याच्या ड्यूटीवरच्या माणसाला पहिल्यांदा काही कळले नाही. भारतीय उच्चारातला एक म्हातारा, अमेरिकन शिपाई, देवी. त्याने नम्रपणे विचारले की घरात तुमच्यासोबत आणखी कुणी आहे का, त्यांच्याशी बोलता येईल का. डॉक्टरांनी फोन ठेवला, श्वास घेतला, पुन्हा लावला. या वेळी त्यांनी आपला वैद्यकीय नोंदणी क्रमांक सांगितला आणि खपल्यांचे वर्णन केले: आकार, रंग, कडा. पलीकडचा आवाज बदलला.

दुपारी साध्या गाडीतून दोघे आले. पांढरे सूट त्यांनी पोर्चमध्ये घातले. पुडी, रोजनिशी, भिंग आणि टेबलावरचा कपडा त्यांनी पिशव्यांत सील करून नेला. शेजारची बेन कुंपणाशी आली होती. "शुं थयुं? गॅस लीक?"

"हो," काकू म्हणाल्या. "गॅस."

कामावर न येण्याचे कारण म्हणून मीही गॅसच सांगितला. चौघांनी घराबाहेर पडू नये असे आम्हाला सांगण्यात आले होते. फोन ठेवून वळले तर डॉक्टर मागे उभे होते.

"तुम्ही हे छापणार?"

"खात्री झाल्याशिवाय आम्ही काही छापत नाही."

"आणि झाली तर?"

 ते उत्तरासाठी थांबले नाहीत.

संध्याकाळी एक तरुण इंग्रज डॉक्टर बाई आल्या. त्यांच्यासोबत थंड पेटीत लस होती. लस पहिल्या काही दिवसांतच घेतली तर उपयोग होतो. पण ती लस जिवंत विषाणूची असते. गरोदरपणी घेतली तर क्वचित पोटातल्या बाळालाच तिची लागण होते, आणि मग बाळ सहसा वाचत नाही. खपल्यांतला विषाणू जिवंत असण्याची शक्यता फार कमी आहे. शून्य आहे असे त्या लिहून देऊ शकत नाहीत. खपल्यांतून काही वाढते का, हे प्रयोगशाळेतून कळायला वेळ लागेल. तोवर लशीची वेळ निघून गेलेली असेल. बाईंनी हे सगळे स्वच्छ सांगितले आणि त्या पुढच्या खोलीत जाऊन बसल्या.

जेवणाच्या खोलीत आम्ही चौघे उरलो. मी उठू लागले. मुलगी म्हणाली, "ताई, तू बस. कुणीतरी नॉर्मल माणूस पाहिजे."

मग ती डॉक्टरांकडे वळली. "लस घेतला तर बाळला रिस्क. नाही घेतला तर मला आणि बाळला, दोघांना. बरोबर?"

"बरोबर."

"तू काय करशील?"

"तू ठरव. तुझं शरीर आहे."

मुलगी हसली. ते हसणे चांगले नव्हते. "वा, बाबा. कुठल्या युनिला जायचा, तू सांगितलास. लग्नात किती माणसं, तू सांगितलास. माझ्या नवऱ्याचा दंड तू चेक केलास, एंगेजमेंटच्या दिवशी! आणि आज म्हणतोस, तू ठरव?"

"अहो," काकू म्हणाल्या, "सांगा तिला काहीतरी."

डॉक्टर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. पाकिटातले कार्ड त्यांनी कधी काढले ते दिसले नाही. ते त्यांच्या हातात होते. त्यांनी ते मुलीला दाखवले नाही.

"घेऊ नकोस," ते म्हणाले.

मुलीने विचारले, "शुअर?"

"नाही."

"ओके," ती म्हणाली. पुढच्या खोलीत जाऊन तिने बाईंना नको म्हणून सांगितले. आम्ही तिघांनीही लस घेतली नाही. नुकती टोचलेली माणसे तिच्या आसपास वावरली तर तिला त्यांच्याकडून लागण होऊ शकली असती. जुन्या खुणांवर भागवायचे ठरले. त्याच आठवड्यात इराकमध्ये युद्ध सुरू झाले. आम्ही ते टीव्हीवर पाहिले. आवाज बंद ठेवलेला असे, कारण मुलगी खोकली तर डॉक्टरांना ऐकू यायला हवे होते.

ते तिच्या खोलीत जात नसत. दारात उभे राहून विचारत. थर्मामीटर काकू लावत, आकडा मोठ्याने वाचत. डॉक्टर तिला हात पुढे करायला सांगत, तळवे उलटे, तळवे सुलटे. जीभ बाहेर. टॉर्चचा प्रकाश दारातून तोंडात. मुलगी पहिल्यांदा चिडली, मग विनोद करू लागली. एकदा तिने तळव्यावर लाल पेनाने ठिपका काढून ठेवला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि भिंतीला धरून खाली बसले. त्यानंतर तिने विनोद केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिला ताप आला.

डोके दुखत होते. अंग तापले होते. डॉक्टरांनी दारातून विचारले, "पाठ? पाठ दुखते का? कमरेत?"

"बाबा, पाठ तर चार महिने दुखतोय!"

देवीची सुरुवात अशीच होते: जोराचा ताप, डोके आणि पाठ. हे घरात सर्वांना माहीत होते, कारण डॉक्टरांनी गेली तीस वर्षे तेच सांगितले होते. ते जिन्यात येऊन बसले. मी वरून खाली येत होते. जायला जागा नव्हती म्हणून मीही वरच्या पायरीवर थांबले. काकू खालून आल्या. डॉक्टरांनी पाकिटातले कार्ड काढून त्यांच्या हातात दिले.

"हे कुठेतरी ठेव. मला सांगू नकोस कुठे."

"तिला आत्ता लस दिली तर?"

"उशीर झाला." मग म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं. आयुष्यात एकदा कुणी मला विचारलं आणि मी चुकीचं सांगितलं."

"अजून काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या.

"मी आयुष्यभर टोचलं. हिच्या वेळेला मी भ्यालो. बाळाला भ्यालो."

काकूंनी त्यांच्या शेजारी बसायला पाहिले. त्यांनी हाताने दूर राहायची खूण केली. पुडीशी पहिले नाक त्यांचेच होते.

दोन दिवसांनी ताप उतरला. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि ती वाटायला वळल्या. डॉक्टरांनी साखर घेतली नाही. "उतरणारच," ते म्हणाले. "आता दिसायला लागेल." देवीचा पहिला ताप खाली येतो तेव्हाच फोड बाहेर पडतात. त्या दिवशी खालून दर थोड्या वेळाने आवाज येई, "तोंड?" आणि वरून काकू म्हणत, "स्वच्छ." "कपाळ?" "स्वच्छ." "तळवे?" काकू मुलीचे तळवे खिडकीच्या उजेडात धरत. "स्वच्छ आहेत हो."

तिसऱ्या दिवशीही काही दिसले नाही. त्याच दुपारी फोन आला. खपल्या माणसाच्याच होत्या. देवीच्या विषाणूचे तुटके अंश त्यांत सापडले होते. जिवंत काही नव्हते; काहीही वाढले नाही. मुलीच्या घशाचा नमुना नेला होता, त्यात साधा फ्लू निघाला. फोन काकूंनी घेतला होता. त्यांनी निरोप सांगितला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुन्हा विचार. कुणी तपासलं ते विचार." काकूंनी पुन्हा फोन लावून विचारले. उत्तर तेच आले.

आम्ही ते छापले नाही. छापण्यासारखे काही घडले नाही, असे डेस्कवर म्हणता आले असते. मी तिथे काही सांगितलेच नव्हते.

मुलगी लीड्सला गेली तेव्हा डॉक्टर बागेत, घराच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. तिथूनच त्यांनी हात वर केला. रोजनिशी परत आली नाही. चिटणीस बाईंनी एकदा फोन करून तिची चौकशी केली आणि नंतर केली नाही. डॉक्टरांनी उतरवलेली प्रत पुडीच्या पानाशी थांबली आहे. पुढची पाने त्यांनी वाचली होती की नाही, हे काकूंनाही माहीत नाही. अमेरिकेतून छायाप्रतींचे पाकीट पुन्हा आले, तेव्हा त्यांनी ते न उघडता परत पाठवले. चहाबरोबर कुणी काही वाचत नसे. माझी बदली मँचेस्टरला झाली आणि त्या उन्हाळ्यात मी खोली सोडली. माझ्या जागी आलेल्या मुलाला त्यांनी बाही वर करायला सांगितले नाही.

बाळ जूनच्या अखेरीस लीड्सला झाले. मुलगी. वेळेवर आणि निरोगी. डॉक्टर रुग्णालयात गेले नाहीत. सर्दी आहे म्हणाले. सर्दी नव्हती. पुढच्या महिन्यातही गेले नाहीत.

बारशाला काकूंनी त्यांना गाडीत घालून नेले. हे काकूंनी मला फोनवर सांगितले आणि नंतर मुलीनेही सांगितले. दोघींच्या सांगण्यात फरक नाही. लीड्सच्या त्या रस्त्यावर गाडी घरासमोर उभी केल्यावर डॉक्टर उतरले नाहीत. पाळणा सजवून झाला, नाव ठेवून झाले, पाने वाढली गेली. ते गाडीतच होते. काचा वर होत्या. जावई ताट घेऊन गेला. त्यांनी काच खाली केली नाही.

मग मुलगी बाळाला घेऊन बाहेर गेली. काकू पुढच्या खोलीच्या खिडकीत होत्या. मुलीने गाडीचे दार उघडले. डॉक्टर मान हलवत होते, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरून. ती काहीतरी बोलली. काय, ते काकूंना ऐकू आले नाही, आणि मुलीने सांगितले नाही. तिने वाकून बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. काही वेळ त्यांचे हात वरच होते. मग ते खाली आले. मुलीने गाडीचे दार बाहेरून लावले आणि ती एकटी घरात परत आली.